सिव्हिलचं बिल कुणाच्या नावावर?



ज्यांच्या स्मृतीसाठी आपण दरवर्षी इथं जमतो, त्यांनी उभं आयुष्य कुपवाडच्या कारखान्यांच्या खतावण्या तपासण्यात घालवलं. म्हणून मीही विषय जमाखर्चाचाच निवडला आहे. रस्त्यावर अपघात होतो, जखमीला सरकारी दवाखान्यात नेतात, तिथं त्याच्यावर खर्च होतो. तो खर्च शेवटी कुणाच्या नावे पडतो आणि पडायला कुणाच्या नावे हवा, एवढाच माझा प्रश्न आहे. अपघाताचे दावे चालवणं हा माझा व्यवसाय. कायद्याच्या पुस्तकात या प्रश्नाचं एक उत्तर आहे आणि इथल्या विजयनगरच्या कोर्टात दुसरंच दिसतं.

गळीत हंगामातली रात्र धरा. उसानं भरलेला ट्रॅक्टर, मागं दोन ट्रॉल्या, शेवटच्या ट्रॉलीला रिफ्लेक्टर नाही. एमआयडीसीतली दुसरी पाळी सुटलेली आहे आणि एक कामगार मोटारसायकलवरून घरी निघाला आहे. पुढचं तुम्हाला सांगायला नको. कुणीतरी १०८ ला फोन करतं, रुग्णवाहिका येते, त्याला सिव्हिलला नेतात. केस पेपर निघतो, पोलीस केस म्हणून एमएलसीची नोंद होते. एक्स-रे, सिटी स्कॅन, रक्ताच्या दोन पिशव्या, मांडीच्या हाडाचं ऑपरेशन, मग वॉर्डातली खाट. पंधरा-वीस दिवसांनी माणूस कुबड्या घेऊन घरी जातो. हातात डिस्चार्ज कार्ड असतं. बिल नसतं, कारण बिल कुणी केलेलंच नसतं. नाममात्र शुल्काच्या चार पावत्या, बाहेरून आणलेल्या औषधांच्या चिठ्ठ्या आणि रिक्षाचे पैसे, एवढाच त्याचा खर्च कागदावर दिसतो.

वर्षभरानं तो मोटार अपघात दावा न्यायाधिकरणासमोर उभा राहतो. वकील विचारतो, उपचाराची बिलं कुठं आहेत? तो त्या चिठ्ठ्या काढून दाखवतो. समोरचा, विमा कंपनीचा वकील शांतपणे नोंदवून घेतो की उपचार सरकारी दवाखान्यात मोफत झाले. वैद्यकीय खर्चाच्या सदरात पाच-दहा हजार मंजूर होतात. त्याच आठवड्यात, तसंच हाड मोडलेला दुसरा एक माणूस येतो. त्याला नातेवाइकांनी खासगी दवाखान्यात नेलेलं असतं. त्याच्याकडं बिलांची जाड फाईल असते आणि ती शाबीत झाली की त्यातला बहुतेक सगळा पैसा विमा कंपनी भरते. हाड तेच, आत घातलेला रॉडही तसाच. पहिल्याच्या बाबतीत कंपनीचे दीड-दोन लाख वाचले. ते वाचवले कुणी? सिव्हिलनं, म्हणजे सरकारनं, म्हणजे काडेपेटीवरही कर भरणाऱ्या तुम्ही-आम्ही. मोफत उपचाराची योजना गरिबासाठी असते असं आपण समजतो. अपघाताच्या बाबतीत तिचा मोठा लाभार्थी ट्रॅक्टरची विमा कंपनी असते आणि तिला त्यासाठी रेशनकार्डही दाखवावं लागत नाही.

हे असं असावं अशी कायद्याची मूळ कल्पना नव्हती. मोटारगाडी रस्त्यावर आणायची तर तिच्यामुळं तिऱ्हाइताला होणाऱ्या इजेची भरपाई होईल अशी तजवीज आधी करा, हे तत्त्व आपल्याकडं १९३९ च्या मोटार वाहन कायद्यानं आणलं. सक्तीच्या विम्याचं प्रकरण प्रत्यक्ष लागू झालं १ जुलै १९४६ ला. त्यालाच आपण ‘थर्ड पार्टी’ म्हणतो. पीयूसी काढतात तसं, पोलिसानं अडवू नये म्हणून उतरवायचं ते काहीतरी, अशी आपली समजूत झाली आहे. खरं तर त्या हप्त्यात त्या कामगाराच्या मांडीच्या हाडाचं मोल आगाऊ भरलेलं असतं.

ही कल्पना ज्या देशातून आली तिथं दवाखान्याच्या बिलाचं काय केलं, ते जरा सविस्तर सांगतो, कारण आपल्याला घेण्यासारखं तिथं बरंच आहे. इंग्लंडमध्ये १९२० नंतर मोटारी भराभर वाढल्या. मोठ्या रस्त्यांच्या कडेचे दवाखाने, जे तेव्हा धर्मादाय देणग्यांवर चालत, ते अपघातातल्या जखमींनी भरून गेले. गावकऱ्यांच्या वर्गणीतून उभ्या राहिलेल्या खाटेवर लंडनहून समुद्रकाठी निघालेला मोटारवाला पडून राही आणि बरा झाला की निघून जाई. आपल्या मिरजेला हे चित्र समजायला जड जाणार नाही. डॉ. वॉन्लेस यांनी १८९४ मध्ये मिशन हॉस्पिटल सुरू केलं तेव्हापासून कोकण आणि कर्नाटकातून माणसं इथं उपचाराला येतात. दवाखान्यांच्या गावाला दुसऱ्यांच्या दुखण्यांचा भार ठाऊक असतो. इंग्लंडच्या १९३० च्या कायद्यानं मोटारविमा सक्तीचा केला आणि त्याच कायद्यात तरतूद घातली की विमा कंपनी भरपाई देत असेल तर तिनं दवाखान्याचाही खर्च ठरावीक मर्यादेपर्यंत द्यावा. १९३४ मध्ये आणखी एक भर पडली. रस्त्यावर धावून जाऊन पहिला उपचार करणाऱ्या डॉक्टरला गाडीवाल्यानं साडेबारा शिलिंग द्यायचे. ही फी तिथल्या कायद्यात पुढंही टिकून राहिली, फक्त आकडा बदलला.

मजा पुढं आहे. १९४८ मध्ये तिथली राष्ट्रीय आरोग्य सेवा सुरू झाली आणि सगळ्यांना उपचार फुकट झाले. आता ही वसुली बंद व्हायला हवी होती, असं आपल्याला वाटेल. रुग्णाला फुकट झालं, पण गाडीच्या विमा कंपनीला फुकट करण्याचं काहीच कारण नव्हतं, म्हणून ती हक्काची तरतूद तशीच ठेवली. तरीही पन्नास वर्षं ती बरीचशी कागदावरच राहिली. प्रत्येक दवाखान्यानं आपापली वसुली करायची होती आणि दवाखान्यातल्या कारकुनाला कोण कुठल्या कंपनीकडं दावा लावतो हे कळायचंच नाही. १९९९ मध्ये त्यांनी स्वतंत्र कायदा केला आणि वसुलीचं काम दवाखान्याकडून काढून एका केंद्रीय कचेरीकडं दिलं. विमा कंपनीकडं दावा आला की तिनंच त्या कचेरीला कळवायचं. कचेरी दवाखान्याकडून नोंदी मागवते, ठरलेल्या दरानं आकारणी करते, बाह्यरुग्णाला एक रक्कम, खाटेवरच्या रुग्णाला दिवसावर, वर कमाल मर्यादा. पैसे वसूल करून ती ज्या दवाखान्यानं उपचार केले त्यालाच देते. जानेवारी २००७ पासून कारखान्यातल्या आणि इतर इजांनाही हीच पद्धत लागू झाली. यातली सगळ्यात महत्त्वाची गोष्ट अशी की हा आकार कंपनीनं जखमीच्या भरपाईच्या वर, वेगळा भरायचा असतो. जखमीच्या पैशातून कपात नाही.

आता आपल्या राज्यात या. महाराष्ट्रानं जखमींसाठी काहीच केलं नाही असं म्हणणं अन्यायाचं होईल. २०१४ पासून १०८ च्या रुग्णवाहिका धावताहेत. २०२० मध्ये रस्ते अपघातातल्या जखमींना पहिल्या ७२ तासांत ३० हजार रुपयांपर्यंत मोफत उपचाराची योजना मंत्रिमंडळानं मंजूर केली. २०२३ मध्ये ती महात्मा फुले जनआरोग्य योजनेत मिसळली आणि मर्यादा १ लाखावर नेली. तमिळनाडूनं २०२१ च्या डिसेंबरात पहिल्या ४८ तासांसाठी अशीच योजना काढली. हे सगळं चांगलं आहे. पण हिशेबनिसाच्या डोळ्यांनी बघा. जनआरोग्य योजनेचा पैसा येतो राज्याच्या तिजोरीतून. त्या पैशातून आरोग्यविम्याच्या कंपनीला हप्ता द्या किंवा दवाखान्याला थेट रक्कम द्या, भार सरकारवरच. इकडं त्याच रात्री, त्याच रस्त्यावर, त्याच हाडासाठी ट्रॅक्टरच्या मालकानं एका विमा कंपनीकडं थर्ड पार्टीचा हप्ता आधीच भरलेला आहे. एकाच जोखमीचे दोन हप्ते गेले, एक मालकाच्या खिशातून आणि एक सरकारच्या. पैसे मोजले मात्र सरकारच्याच हप्त्यानं. दुसऱ्याचं काय झालं, हे विचारायची रीत आपल्याकडं नाही.

केंद्रानं ती रीत पाडायचा प्रयत्न मोटार वाहन कायद्याच्या २०१९ च्या दुरुस्तीत केला. ‘गोल्डन अवर’, म्हणजे गंभीर इजेनंतरचा पहिला तास, ही संज्ञा कायद्यात आली. कलम १६२ मध्ये त्या काळातल्या कॅशलेस उपचारांची योजना सरकारनं करावी असं ठरलं, कलम १६४-ब मध्ये मोटार वाहन अपघात निधी आला. कलम १६२ लागू झालं १ एप्रिल २०२२ ला. योजना मात्र निघेना. कोइमतूरचे अस्थिशल्यविशारद डॉ. एस. राजशेखरन यांनी २०१२ मध्येच रस्ते सुरक्षेसाठी सर्वोच्च न्यायालयात जनहित याचिका केली होती. वर्षानुवर्षं मोडलेली हाडं जोडणारा माणूस शेवटी कोर्टात गेला, यातच सगळं आलं. त्या याचिकेत ८ जानेवारी २०२५ ला न्यायालयानं सरकारला १४ मार्चपर्यंत योजना करा म्हणून बजावलं. तीही तारीख उलटली, न्यायालयानं पुन्हा कान उपटले आणि अखेर ५ मे २०२५ ला अधिसूचना निघाली.

योजना अशी आहे: अपघातापासून सात दिवस, माणशी दीड लाख रुपयांपर्यंत कॅशलेस उपचार. जखमी कुठल्या राज्यातला, गरीब की श्रीमंत, चूक त्याची की दुसऱ्याची, हे बघायचं नाही. दवाखाना राज्याच्या आरोग्य यंत्रणेकडं दावा पाठवतो, पोलिसांनी संगणकावर अपघाताची खातरजमा करायची असते आणि पैसे निधीतून येतात. त्या निधीची रचना महत्त्वाची आहे. धडक देणाऱ्या गाडीचा विमा असेल तर पैसा सर्वसाधारण विमा कंपन्यांच्या वर्गणीतून, विमा नसेल किंवा गाडी पळून गेली असेल तर अर्थसंकल्पातून. म्हणजे तत्त्व मान्य झालं की विमा उतरवलेल्या गाडीनं केलेल्या जखमेचा खर्च विमाधंद्यानं सोसायचा. सक्तीच्या विम्याला ऐंशी वर्षं होत आली तेव्हा ही गोष्ट कागदावर आली.

तत्त्व आलं, पण किती दिवसांपुरतं? सात. मांडीचं हाड सात दिवसांत जुळत नाही. डोक्याला मार लागलेला माणूस सातव्या दिवशी अनेकदा शुद्धीवरही आलेला नसतो. आठव्या दिवसापासून खाट पुन्हा सरकारच्या नावावर. जखम चिघळली, रॉड काढायला वर्षानं पुन्हा भरती व्हावं लागलं, महिनोन् महिने फिजिओथेरपी लागली, तर तोही खर्च सरकारी दवाखान्यानंच गिळायचा. शिवाय ही वर्गणी सगळ्या कंपन्यांची मिळून आहे. अमुक गाडीनं केलेल्या इजेचं बिल तिच्याच कंपनीच्या नावावर टाकण्याची शिस्त इथं नाही.

आणि याच कायद्यात एक बारीक काटा आहे. कलम १६४-ब चं सहावं पोटकलम काढून वाचा. उपचारासाठी निधीतून जी रक्कम दिली गेली, ती त्या माणसाला पुढं विमा कंपनीकडून मिळणाऱ्या दाव्यातून वजा होईल, असा त्याचा आशय आहे. प्रथमदर्शनी योग्य वाटतं, एकाच खर्चाचे पैसे दोनदा कशाला? पण दाव्यात उपचाराच्या खर्चाखेरीज बुडालेली मजुरी असते, कायमचं अपंगत्व असतं, वेदनेची भरपाई असते. सव्वा लाखाचे उपचार कॅशलेस झाले आणि त्या माणसानं वैद्यकीय खर्च मागितलाच नाही, कारण त्यानं तो केलाच नव्हता, तर सव्वा लाख कशातून वजा करणार? शब्द ‘दाव्यातून’ असे आहेत, ‘दाव्यातल्या वैद्यकीय खर्चातून’ असे नाहीत. एखाद्या कंपनीनं हे पोटकलम ताणलं तर कामगाराच्या मोडलेल्या पायाच्या भरपाईतून सिव्हिलचं बिल कापलं जाईल. ते वसुलीचं सगळ्यात वाईट रूप ठरेल.

अमेरिकेत हे रूप लोकांनी भोगलेलं आहे. तिथं १९८० पासून कायदा आहे की वृद्धांच्या सरकारी आरोग्य योजनेआधी मोटारविम्यानं पैसे द्यायचे. विमा कंपनीनं वेळ लावला तर सरकार तात्पुरतं भरतं आणि मागाहून वसूल करतं. वसूल करतं ते मात्र पुष्कळदा जखमीला मिळालेल्या तडजोडीच्या रकमेतून. गरिबांसाठीची जी वेगळी योजना आहे तिच्यातला एक खटला तिथल्या सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला. आर्कान्सा राज्यातल्या एका १९ वर्षांच्या विद्यार्थिनीच्या मेंदूला १९९६ मध्ये गाडीच्या अपघातात कायमची इजा झाली. राज्यानं उपचारांवर २ लाख १५ हजार डॉलर खर्च केले. पुढं तिचा दावा साडेपाच लाखांवर तुटला, खऱ्या नुकसानाच्या मानानं कितीतरी कमी. राज्य म्हणालं, आमचे सगळे पैसे आधी द्या. २००६ मध्ये न्यायालयानं सांगितलं की तडजोडीतला जो भाग उपचारखर्चाचा, तेवढ्यालाच तुम्ही हात लावू शकता. तो भाग निघाला ३५ हजार ५८१ डॉलर. बाकीचा पैसा तिच्या उरलेल्या आयुष्याचा होता आणि त्यावर राज्याचा हक्क नव्हता.

आपल्या न्यायालयांची वाटही याच दिशेची आहे. एस.टी. महामंडळाविरुद्धच्या एका दाव्यात सर्वोच्च न्यायालयानं १९९८ मध्ये ठरवलं की मृताच्या आयुर्विम्याचे पैसे भरपाईतून वजा होत नाहीत. मुंबई उच्च न्यायालयाच्या पूर्णपीठानं २८ मार्च २०२५ ला तोच न्याय मेडिक्लेमला लावला. जखमीनं स्वतः हप्ते भरून घेतलेल्या विम्याचा फायदा धडक देणाऱ्याच्या कंपनीला मिळू नये. निकाल बरोबरच आहे. पण त्याची दुसरी बाजू बघा. मेडिक्लेमवाल्याला उपचाराचा पैसा दोन्हीकडून मिळाला तरी चालतो, आणि सिव्हिलच्या खाटेवरच्या माणसाच्या नावे एकाही बाजूनं रक्कम दिसत नाही. मेडिक्लेमचा हप्ता भरणाऱ्याची काटकसर आपण जपतो. तेवढाच मान करदात्याच्या हप्त्याला का देऊ नये?

कुपवाडात बोलताना इएसआयबद्दल, म्हणजे कर्मचारी राज्य विम्याबद्दल बोलायलाच हवं. समोर बसलेल्या बऱ्याच जणांच्या पगारातून पाऊण टक्का कापला जातो आणि मालक सव्वातीन टक्के भरतो. कामगार कारखान्याबाहेर, रस्त्यावर जखमी झाला तर काय? याचा एक जुना खटला आहे. १९७१ मध्ये एक कामगार सायकलवरून कामावर निघाला होता आणि कारखान्यापासून किलोमीटरभर अंतरावर त्याला लॉरीनं उडवलं. पंचवीस वर्षांनी, १९९६ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं सांगितलं की ही कामावरची इजा नव्हे. २०१० मध्ये संसदेनं कायद्यात ५१-ई हे कलम घालून घर ते कारखाना या वाटेवरचा अपघातही कामाशी जोडला. फायदा खरोखरच मोठा झाला, उपचार आणि पगाराची भरपाई मिळू लागली. पण तीच लॉरी पुन्हा आली असं समजा. उपचाराचा खर्च इएसआय महामंडळ करणार, म्हणजे कामगारांच्या आणि मालकांच्या वर्गणीतून. लॉरीच्या विमा कंपनीकडून महामंडळ तो मागू शकतं का?

१९४८ च्या मूळ इएसआय कायद्यात याचं उत्तर ‘हो’ होतं. इजेला मालकाखेरीज दुसरा कुणी जबाबदार असेल तर महामंडळानं त्याच्याकडून खर्च भरून घ्यावा, अशी कलम ६७ ची तरतूद होती. शेजारच्या कलम ६६ मध्ये मालकाच्या निष्काळजीपणाबद्दल वसुलीचा हक्क होता. १९६६ च्या दुरुस्तीनं दोन्ही कलमं काढून टाकली. कायद्याच्या पुस्तकात त्या जागी आकडे राहिले आणि पुढं ‘वगळले’ एवढाच शब्द. त्याउलट कलम ५३ मात्र कायद्यात राहिलं. कामावरच्या इजेबद्दल इएसआयचा लाभ मिळतो म्हणून दुसऱ्या कायद्याखाली भरपाई मागता येत नाही, असं ते कलम. घर ते कारखाना वाटेवरच्या अपघातात विमा कंपन्या हेच कलम पुढं करून कामगाराचा दावा अडवायला बघतात. म्हणजे महामंडळाला मागता येत नाही, कामगारानं मागितलं तर त्याला अडवतात, आणि रस्त्यावर धडक देणाऱ्याची कंपनी दोन्हीकडून सुटते. आता इएसआय कायदा सामाजिक सुरक्षा संहितेत गेला आहे. एवढी मोठी संहिता लिहिताना १९६६ ची ही चूक दुरुस्त करायची संधी होती. इथल्या कामगार संघटनांनी हा मुद्दा लावून धरायला हवा होता असं माझं मत आहे. इथं त्यांचे पुढारी बसले आहेत, म्हणून स्पष्टच बोलतो.

आता एक अडचण, जिच्यापुढं हे सगळं लंगडं पडतं. देशातल्या जवळजवळ निम्म्या गाड्यांचा विमा चालू नसतो. नवीन दुचाकीला पाच वर्षांचा आणि मोटारीला तीन वर्षांचा थर्ड पार्टी विमा एकदम घ्या, ही सक्ती सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशानं सप्टेंबर २०१८ पासून आली. पण पहिली मुदत संपली की पुढचं रामभरोसे. आमच्या भागात तर ट्रॅक्टरचा विमा शेतीसाठी म्हणून काढलेला आणि ट्रॉलीत कारखान्याचा ऊस. कंपनी म्हणते, पॉलिसीच्या अटीचा भंग झाला. ट्रॉलीत किंवा टेम्पोत बसून जत्रेला निघालेली माणसं तर आणखीच वाऱ्यावर, मालाच्या गाडीतल्या फुकट प्रवाशांची जबाबदारी कंपनीवर नाही हे सर्वोच्च न्यायालयानं २००३ मध्येच सांगितलेलं आहे. दर वर्षी यल्लमाला आणि पंढरपूरला अशा किती गाड्या निघतात, तुम्ही बघताच. अटीचा भंग असला तरी तिऱ्हाइताला आधी द्या आणि मग मालकाकडून वसूल करा, असा ‘पे अँड रिकव्हर’चा हुकूम न्यायाधिकरणं पुष्कळदा करतात. तो कंपनीला होतो. सरकारला अशी वसुली करायला सांगणारा हुकूम मी पाहिलेला नाही. विमाच नसलेली गाडी तारण घेतल्याशिवाय सोडू नये आणि वेळ आली तर लिलावात काढून पैसे न्यायाधिकरणात जमा करावेत, हा नियम आहे. पोलीस ठाण्याच्या आवारात गंजणाऱ्या गाड्या बघितल्या की तो किती पाळला जातो ते कळतं.

३१ ऑक्टोबर २०२२ ची संध्याकाळ इथल्या पुष्कळांना आठवत असेल. करवीर तालुक्यातल्या जठारवाडीची दिंडी पंढरपूरला निघाली होती. सांगोला तालुक्यात जुनोनीजवळ मागून गाडी घुसली आणि सात वारकरी गेले. अशा वेळी सरकार मदत जाहीर करतं, जखमींचा खर्च उचलतं, आणि उचलायलाच हवा. पण पायी चालणाऱ्या, स्वतःच्या नावावर सायकलही नसलेल्या माणसांच्या जखमांचा खर्च त्यांनीच भरलेल्या करातून निघावा, हे मला कधी पटलेलं नाही. गाडीला विमा असेल तर तो पैसा तिकडूनच परत आला पाहिजे.

विमा कंपन्यांचं म्हणणं मी ऐकत आलो आहे. थर्ड पार्टीचा हप्ता सरकार ठरवतं, दावे मात्र वाढत जातात, त्यात दवाखान्यांची बिलं आली तर हप्ते वाढवावे लागतील. वाढू द्यावेत. आज तो खर्च होतच नाही असं थोडंच आहे? तो करात लपलेला आहे. हप्त्यात आला तर निदान दिसेल, आणि रात्री रिफ्लेक्टर न लावणाऱ्या मालकाच्या पावतीवर दिसेल. डॉक्टरांची तक्रार मला जास्त खरी वाटते. आम्ही हाडं जोडायची की वसुलीचे कागद भरायचे, असं ते विचारतात. त्यांच्यावर हे ओझं टाकूच नये. इंग्लंडचा पन्नास वर्षांचा अनुभव तेच सांगतो.

सुरुवातीला कायदा बदलायचीही गरज नाही. सरकारी दवाखान्यानं अपघाताच्या प्रत्येक रुग्णाला डिस्चार्ज कार्डाबरोबर झालेल्या खर्चाचं बिल द्यावं, रुग्णानं देय रक्कम शून्य असं त्यावर ठळक छापून. दर नवे शोधायला नकोत, जनआरोग्य योजनेत प्रत्येक शस्त्रक्रियेचे दर ठरलेले आहेतच. पोलिसांच्या संगणकात गाडीचा नंबर आणि पॉलिसी असते, ती त्या बिलाला जोडावी आणि प्रत न्यायाधिकरणाकडं जावी. एवढं झालं तरी न्यायाधीशांना कळेल की या माणसाच्या पायावर किती खर्च झाला आणि तो कुणी केला.

पुढची पायरी मात्र कायद्याची आहे. आज कलम १६६ खाली जखमी, मृताचे वारस किंवा नुकसान झालेल्या मालमत्तेचा मालक, एवढेच दावा करू शकतात. त्यात दवाखाना नाही, म्हणून सरकारी दवाखान्याला तिथं स्वतःचं नाव लावायला जागा लागेल. वाहनांचा विषय समवर्ती सूचीत आहे, त्यामुळं महाराष्ट्राला राष्ट्रपतींच्या संमतीनं अशी दुरुस्ती करता येईल. तीत दोन गोष्टी शब्दांत बांधून घ्याव्या लागतील. आकार कंपनीवर वेगळा बसेल, जखमीच्या भरपाईतला एक रुपयाही त्यासाठी कापला जाणार नाही. आणि आलेला पैसा मुंबईच्या तिजोरीत न जाता, ज्या दवाखान्यानं उपचार केले त्याच्याच रुग्ण कल्याण समितीच्या खात्यात जमा होईल. तिजोरीत गेला की त्याचं पुढं काय होतं ते आपल्याला ठाऊक आहे. दवाखान्याच्या खात्यात आला तर त्याचा दरमहाचा हिशेब अपघात विभागाबाहेरच्या फलकावर लावता येईल. त्यातली पहिली खरेदी रॉड आणि प्लेटची व्हावी, म्हणजे ऑपरेशनच्या आदल्या रात्री नातेवाइकांना चिठ्ठी घेऊन समोरच्या दुकानात धावावं लागणार नाही.